कडावच्या गिरणीचा रविवार

भात गिरणीत आलं की मी आधी त्यातला एक दाणा दाताखाली धरायचो. कट्ट वाजला तर भात वाळलेलं. मुकाट्यानं चेपला तर ओलं, घरी न्या, आणखी दोन उन्हं द्या. शेतकरी म्हणायचे, "मिस्तरी, चावून चावून आमचं पोतं संपवशील!" माझे पुढचे दोन दात झिजले ते असे. साखरेनं नव्हे.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नाताळ अंकासाठी काही लिहा म्हणून पाळक दोन वर्षं मागे लागलेत. मी त्यांना सांगितलं, मला इंजिनातलं कळतं, भातातलं कळतं, उपदेशातलं कळत नाही. शाळा तिसरीपर्यंत झालेली, तीही पावसाळ्यात बुडवून. ते म्हणाले, "मिस्तरी, तुमच्या रविवारचं लिहा." म्हणून लिहितो. पण आधी गिरण समजली पाहिजे. त्याशिवाय माझा रविवार कुणाला समजायचा नाही.

वडील नगरकडचे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर खडी फोडायला आले आणि लोधिवलीला राहिले. आम्ही जन्माचे ख्रिस्ती. मी तिथंच रोडरोलरवर कोळसा मारता मारता इंजिन शिकलो. पुढं दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमाराला कडावच्या एका शेठनं भात भरडायला कुठून तरी जुनं इंजिन आणलं, आणि ते कुणालाच चालू करता येईना. मी बघायला म्हणून गेलो, चालू करून दिलं, आणि तिथंच राहिलो. बरोबर बायको होती, रूथ. लग्नाला सहा महिने झाले होते.

ते इंजिन आताच्यासारखं बटण दाबून चालायचं नाही. त्याच्या डोक्यावर लोखंडाचा गोळा होता. तो रॉकेलच्या बत्तीनं वीस मिनिटं तापवायचा. मंद लाल झाला की मग मोठं चाक दोन्ही हातांनी उलटं हेलकावून सोडायचं. गोळा नीट तापलेला असला तर इंजिन खोकलून सुरू होई. घाई केलीत तर एक तर हात मोडेल, नाही तर इंजिन उलट्या दिशेनं फिरायला लागेल. एकदा शेठच्या भाच्यानं घाई केली. पट्टा उलटा फिरून सुटला, आणि भाचा बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

त्या वीस मिनिटांत मिस्तरीला काही काम नसतं. गोळ्याकडं बघत बसायचं. मी टोपी काढून तेवढा वेळ प्रार्थना करायचो. रोज. लोखंड लाल होईपर्यंत. कधी जीव लागायचा, कधी नाही लागायचा, कधी नुसती झोप यायची, पण चुकवली नाही. यावर आमच्या पाळकांनी एकदा उपदेश केला, की बघा, मिस्तरी अंतःकरण तापवून मग कामाला लागत. मला लाज वाटली. मी आपला इंजिनाची वाट बघत होतो आणि तोंड रिकामं होतं.

भात वरच्या पेटीत ओतायचं, खाली तांदूळ, तूस आणि कोंडा वेगळा पडतो. मध्ये एक लोखंडी पातं असतं. ते जास्त आवळलं तर तांदळाची कणी होते, सैल सोडलं तर तांदळात भात राहतं. पातं किती आवळायचं हे भाताच्या जातीवर, उन्हावर आणि हाताला तांदूळ किती गरम लागतो त्यावर. हे शिकवून येत नाही. माझा तांदूळ अख्खा पडायचा. पोशीरचे लोक नेरळची गिरण सोडून कडावला गाड्या आणायचे, ते काही शेठचं तोंड बघायला नव्हे.

आता एक गोष्ट खोटी कशाला लिहू. सुरुवातीला काही घरांना माझा हात चालत नव्हता. एक मोठे शेतकरी होते, ते भात ओतायला आपला गडी घेऊन यायचे. मी पोत्याला शिवायचं नाही. मी लांब उभा राहून पातं फिरवायचो. रूथला ही गोष्ट सांगितली तर ती हसून हसून बेजार. म्हणाली, "त्यांना तुमचा हात चालत नाही आणि तुमचं थुंकी लागलेलं पातं चालतं होय?" मी पातं पुसायच्या आधी त्यावर थुंकायचो, ते तिनं पाहिलं होतं.

विहिरीवरही तसंच. पहिल्या दिवशी रूथ हंडा घेऊन बाजूला उभी राहिली. कुणी नको म्हणेना, कुणी ये म्हणेना. तेवढ्यात चांगूआजी आली. चांगूआजी म्हणजे गिरणीच्या पलीकडचं घर, नवरा केव्हाच गेलेला, मुलगा-सून शेतावर, आणि अंगणावर हिचं राज्य. तिनं आपल्या हातानं पाणी शेंदलं आणि रूथच्या हंड्यात ओतलं.

"आज मी वतते," ती म्हणाली. "उद्यापासून तुझी तू काढ गं बाय. कोन काय बोलतंय ते मी बघते."

कुणी काही बोललं नाही. चांगूआजीच्या तोंडाला लागायची कडावात कुणाची छाती नव्हती.

शेठकडं राहताना मी एकच अट घातली होती. रविवारी इंजिन बंद. शेठ म्हणाले, "सोमवारी बंद ठेव की. शंकराचा वार आहे, गाव खूश होईल."

"रविवार," मी म्हटलं.

"अरे, देव काय वार बघतो?"

"देव नाही बघत शेठ. मी बघतो."

कबूल झाले. खरं सांगायचं तर दुसरं करणार काय? इंजिन माझ्याशिवाय कुणाला चालवता येत नव्हतं. तेव्हा मला वाटायचं, माझ्या श्रद्धेपुढं शेठ नमले. आज म्हातारपणी वाटतं, त्यात श्रद्धा किती आणि त्या गोळ्याला तापवण्याची कला किती, हे प्रभूलाच माहीत.

जवळ मंडळी नव्हती. महिन्यातून एकदा कर्जतला रेल्वेतल्या एका भावाच्या क्वार्टरमध्ये पाळक यायचे, तेव्हा आम्ही चालत जायचो. बाकीचे रविवार आम्ही दोघं गिरणीला लागूनच्या आमच्या खोलीच्या ओट्यावर. मी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचो, बोट ठेवून, सावकाश. रूथ गायची. तिचा गळा फार गोड होता असं नाही, पण सूर पक्का. आणि उपासनेच्या आधी मी घंटा वाजवायचो. घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, गिरणीच्या आढ्याला तारेनं टांगलेला. इंजिनाच्या मोठ्या पान्यानं त्यावर सात टोले.

रूथ म्हणायची, "अहो, आपण दोघंच. मी हातभर लांब बसलेय. हाक मारली तरी ऐकू येईल मला."

मी म्हणायचो, "उपासना आहे, जेवण नाही, हाक मारायला."

गाव हसायचं. पुढं पुढं सवय झाली. टोले पडले की बाया म्हणायच्या, आयतवार आला, मिस्तरीचा देव उठला.

लढाईच्या दिवसांत इंजिनाचं तेल मिळेना. एक हंगाम मी करंजाच्या तेलावर इंजिन चालवलं. चाललं! पण गावभर असा वास सुटला की बैल गिरणीच्या रस्त्याला वळेनात. ते पराक्रम पुष्कळ आहेत. मला सांगायचं आहे ते हौशीच्या लग्नाचं.

हौशी चांगूआजीची नात. सोयरीक पोशीरची. लग्न सोमवारी. लग्नाचा तांदूळ भरडायला गुरुवारी द्यायचा ठरला होता, आणि नेमकं बुधवारी इंजिनाचं बेअरिंग गेलं. नवं बेअरिंग कल्याणहून यायला शनिवार संध्याकाळ झाली. मी लगेच बसवलं, चाक फिरवून बघितलं, ठीक होतं. कर्जतची आणि नेरळची गिरण सरकारी भातात अडकलेली, तिथं कुणाचं खाजगी घेत नव्हते.

रविवारी सकाळी मी टोले देऊन ओट्यावर बसलो तर चांगूआजी गाडी घेऊन हजर. गाडीत भाताची पोती.

"मिस्तरी, पेटव रं तुझं धूड."

"आजी, आज रविवार."

"ठाव हाय मला. आंधळी नाय मी."

"उद्या पहाटे चारला चालवतो. पहिलं तुझं."

"पहाटे तांदूळ दिलास तर निवडाचा कवा न् शिजवाचा कवा? वऱ्हाड सकाळीच येतंय पोशीरचं. त्यांना काय तूस वाढू?"

शेठ आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "एक तासाचं काम आहे. तुझ्या देवाला मी सांगतो, माझ्या नावावर लाव म्हणून."

तोपर्यंत दहा-बारा माणसं जमली. आणि माणसं जमली की माझी मान ताठ होते, हा माझा लहानपणापासूनचा रोग. मी मोठ्यानं म्हटलं, "शेठ, इंजिन तुमचं आहे. तुम्ही पेटवा. मी अडवतो का?"

कुणालाच पेटवता येणार नाही हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणून तर म्हटलं. रविवार पाळला याचं मला आजही वाईट वाटत नाही. ते वाक्य ज्या सुरात बोललो त्याचं वाटतं. ज्या बाईनं आम्हाला पाणी दिलं, तिच्यासमोर मी माझी कला मिरवली, आणि वर त्याला प्रभूचं नाव दिलं.

चांगूआजीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिच्याकडं शिव्या पुष्कळ होत्या. ती गाडीवानाला एवढंच म्हणाली, "वळव रं. माझीच चूक झाली. आमी हात सोडून लोखंडाच्या दारात आलो."

गाडी वळली. मी शास्त्र उघडलं. रूथनं पदर कमरेला खोचला आणि दारामागचं मुसळ उचललं.

"कुठं निघालीस?"

"चांगूआजीकडं. उखळात भात सडायला."

"आज प्रभूचा दिवस आहे, रूथ."

"म्हणून तर चाललेय." दारात थांबून ती म्हणाली, "तुम्ही इंजिन बंद ठेवलंत, मी काही बोलले का? मग तुम्हीही बोलू नका."

गेली. मी ओट्यावर एकटा. पलीकडच्या अंगणातून मुसळांचे आवाज यायला लागले. मी म्हटलं, हिला संध्याकाळी शास्त्रातून दाखवीन, की या दिवशी काम करू नये म्हणजे करू नये. शब्बाथाचं, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचं, कुठं कुठं आहे ते शोधायला लागलो. मला वाचायला वेळ लागतो. बोट फिरवता फिरवता मी नेमका त्या जागी आलो, जिथं प्रभूचे शिष्य शब्बाथाच्या दिवशी शेतातून चाललेले असतात, भूक लागलेली असते, आणि ते कणसं मोडून हातांवर चोळून खातात. कर्मठ परूशी लोक रागावतात. प्रभू शिष्यांची बाजू घेतो.

हे मी पूर्वीही वाचलं होतं. पण त्या दिवशी बोट तिथंच अडलं. हातांवर चोळून. म्हणजे तूस काढणंच की ते! दुसरं काय? माझा धंदाच तो. आणि समोर मुसळं वाजतायत.

मला राग आला. शास्त्राचा नाही, माझाच; पण मी शास्त्र मिटून ठेवलं आणि थोडा वेळ इंजिनाकडं बघत बसलो. इंजिन बंद ते बंद, हे माझं ठाम होतं. पण हात मी कुठं बंद ठेवायचे कबूल केले होते?

अंगणात सहा उखळं लागलेली. पाच-पन्नास हातांची ये-जा. एका उखळावर दोन बाया समोरासमोर, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. मी रूथच्या समोर जाऊन उभा राहिलो. पुरुष उखळावर आलेला त्या अंगणानं कधी पाहिला नव्हता. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

चांगूआजी म्हणाली, "काय रं, चुकून आलास का?"

"मुसळ दे, आजी."

"झेपंल का? याला बत्ती लावाला लागत नाय हां!"

मला तो ताल जमेना. इंजिनाचा ठोका एकट्याचा असतो, हा दोघांचा. माझं मुसळ दोनदा रूथच्या मुसळावर आपटलं. रूथ हळूच म्हणाली, "माझ्याकडं बघा. मी उचललं की तुम्ही सोडा." तसं केलं. मग जमलं. दिवस मावळेपर्यंत आम्ही सडत होतो आणि आजी पाखडत होती. कणी पुष्कळ पडली. मिस्तरी म्हणून मला लाज वाटावी असा तांदूळ होता तो. पण सोमवारी पोशीरचं वऱ्हाड पोटभर जेवलं.

संध्याकाळी आजीनं माझा हात धरून उलटा केला. तळव्याला फोड आले होते. तिच्याही हाताला होते. "इंजिन तुझ्या देवाचं," ती म्हणाली, "न् हात आमचं. बरं झालं."

त्यानंतर कुणी रविवारी भात घेऊन आलं तर मला बोलावं लागत नसे. आजी अंगणातूनच ओरडायची, "माझ्या हौशीच्या लग्नाला चाललं नाय ते, तुझ्यासाठी काय म्हनून चालंल? जा, उद्या ये!"

माझ्यापेक्षा माझा रविवार तीच कडक पाळायची.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी दसऱ्यानंतर रूथला ताप आला. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, विषमज्वर. एकवीस दिवस. तिच्या उशाशी मी रोज प्रार्थना केली, आणि ही प्रार्थना इंजिनाची वाट बघत केलेली नव्हती. बाविसाव्या दिवशी सकाळी ती गेली. चांगूआजीनं तिला न्हाऊ घातलं. कडावची माणसं बैलगाडीबरोबर कर्जतपर्यंत चालत आली. एके काळी ज्यांना माझा हात चालत नव्हता, त्यांच्यातल्या दोघांनी शवपेटीला हात लावला. आम्हाला मूल नव्हतं. खोलीत मी आणि तिचं मुसळ राहिलं.

मी कामाला लागलो. हंगाम जोरात होता. पण बत्ती लावली की ती वीस मिनिटं खायला उठायची. मी टोपी काढीनासा झालो. गोळ्याकडं नुसता बघत बसायचो. रविवारी टोले दिले नाहीत. कुणाला बोलवायचं होतं? हातभर अंतरावरचं माणूसच नव्हतं. असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी, नाताळ दहा-बारा दिवसांवर असताना, मी उठून गिरण उघडली आणि बत्ती लावली. खोलीत बसवत नव्हतं, एवढंच. प्रभूवर मी रुसलो होतो, तेही खरं. शेठ दारापर्यंत आले, बत्ती पाहिली, आणि तसेच परत गेले. जी गोष्ट त्यांनी इतकी वर्षं मागितली ती समोर आली तेव्हा त्यांना ती बघवली नाही. माणूस वाईट नव्हता.

गोळा लाल व्हायला आला होता. मी चाकाला हात घालणार, एवढ्यात चांगूआजी आत आली आणि चाकाला पाठ लावून खाली बसली. पाय पसरून.

"आजी, ऊठ. चाक लागेल."

"लागू दे."

"गोळा तापलाय. वेळ निघून जाईल."

"जाऊ दे. आज आयतवार हाय."

मी म्हटलं, "माझा रविवार रूथबरोबर गेला, आजी. आता सगळे वार सारखे."

"तुझा गेला असंल," ती म्हणाली. "माझा नाय गेला. माझ्या हौशीच्या लग्नाला तू हे पेटवलं नाय. दिसभर सडलं आमी. हाताला फोड आले. तुझी बायको सडत व्हती माझ्या अंगनात. आन आज कुन्या उपऱ्याच्या भातासाठी पेटवतोस? मग ते फोड फुकट का रं? सांग की. फुकट व्हते का?"

मी चाकापासून मागं सरलो. मग आजी हाताचा टेका देत उठली, मोठा पाना तिनं दोन्ही हातांनी उचलला, आणि त्या रुळाच्या तुकड्यावर हाणला. पाना जड, आजी म्हातारी. टोला वाकडातिकडा पडला. पण वाजला. मग दुसरा. मग तिसरा.

"किती द्याचे ते मला ठाव नाय," ती दम खात म्हणाली. "तू थांब म्हनशील तवा थांबंन."

आठ झाले, नऊ झाले. बाहेर बाया येऊन उभ्या राहिल्या. मी पुढं होऊन बत्ती विझवली. गोळा काळा पडत गेला.

"सात असतात, आजी," मी म्हटलं. "बस कर."

आम्ही ओट्यावर जाऊन बसलो. मी शास्त्र आणलं, पण अक्षरं दिसेनात. आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे ते. ती म्हनायची ते म्हन." मी शास्त्र मिटलं, पण सुरुवात केली नाही. तेव्हा तिनं आपणच टाळी धरली. इतकी वर्षं कुंपणाआडून ऐकलेलं, चाल तिला पाठ होती. पण टाळी तिनं मुसळाच्या तालावर धरली, भराभर.

चुकीचं काम मला बघवत नाही. "एवढं जलद नाही, आजी," मी म्हटलं. "ती सावकाश म्हणायची." आणि कशी ते दाखवायला म्हणून मी पहिली ओळ म्हटली. मग दुसरी म्हणावीच लागली.

ते इंजिन पुढं भंगारात गेलं. वीज आली. मी विजेच्या गिरणीवरही काम केलं, तीही रविवारी बंद. चांगूआजी जाऊनही किती वर्षं झाली. रुळाचा तुकडा आता माझ्या दाराशी टांगलेला आहे, अजून सात टोले देतो, हात दुखला तरी.

मंडळीत मला मान देताना पाळक म्हणतात, मिस्तरींनी आयुष्यभर एकही रविवार मोडला नाही. मी मान खाली घालून ऐकून घेतो, कारण चारचौघांत दुरुस्ती करायला माझी ताठ मान आडवी येते. म्हणून ती दुरुस्ती इथं लिहितो. एक रविवार मी मोडायला घेतला होता. तो चांगूआजीनं पाळला.